मामांची नजर

बहरैनमधल्या मुहर्रकच्या विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात होतो, तेव्हा मामीचा फोन आला. "मामा गेले रे..." एवढंच बोलली. रडली नाही. आता काही आठवडे उलटलेत. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं असं सगळे सांगतात. मी खरं लिहितो.

मामा मूळचे नागपूरचे, मनामातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. युरोपातली अनियंत्रित राजेशाही हा त्यांचा लाडका धडा. नव्वदीच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी बहरैनला आलो, जिदहफ्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर राहू लागलो, तेव्हा जेवताना तो मलाही मिळाला. फ्रान्सच्या राजाने सरदारांना त्यांच्या गढ्यांतून उठवून आपल्या महालात आणून ठेवलं. कायदा त्याचा, कर त्याचा, कुणाला विचारायची गरज नाही. राजा झोपायला निघाला की मेणबत्ती कोणी धरायची, यावरून ते सरदार एकमेकांवर जळायचे. "आणि मर्जी फिरली की राजा त्या माणसाला ओळखच द्यायचा नाही. खलास! सैन्य कशाला हवं? नजर काढून घेतली की माणूस संपतो." मी विचारलं, मग लोक सहन का करायचे? मामा हसले. "प्रत्येकाला वाटायचं, उद्या माझ्याकडे बघेल."

जयंतीच्या कार्यक्रमात हेच मामा समतेवर असे बोलायचे की सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायचा. घरात मात्र... त्यांच्या एकुलत्या मुलीने, प्राजक्ताने, दहावीनंतर जेवताना सांगितलं, "पप्पा, आय वॉन्ट टू डू नर्सिंग." मामांना ती डॉक्टर व्हायला हवी होती. "नाही," ते म्हणाले. "यू आर नॉट अ किंग," ती बोलून गेली. मामांनी हातातला घास ताटात ठेवला आणि मामीला शांतपणे विचारलं, "ही कोण मुलगी आहे?"

मला गंमत वाटली. गंमत नव्हती. त्या दिवसापासून मामांना प्राजक्ता दिसेनाशी झाली. ती टेबलाशी अभ्यास करत बसलेली असली, तरी खोली रिकामी असल्यासारखा दिवा बंद करून ते निघून जात. ती तापाने फणफणली, तेव्हा मामी हात जोडून म्हणाली, "एकदा तिच्या कपाळाला हात तरी लावा." पेपरातून डोकं न काढता मामांनी विचारलं, "कोणाच्या?" बारावीनंतर ती हट्टाने नर्सिंगला नागपूरला निघाली. विमानतळावर पाया पडायला वाकली, तर मामा मला म्हणाले, "यल्ला, चल, गाडी काढ."

यंदा मामांना पक्षाघात झाला आणि प्राजक्ता रजा टाकून आली. हॉस्पिटलात त्यांचं अंग पुसायची, कूस वळवायची, चमच्याने पेज भरवायची. मामा बहुतेक गुंगीतच असत. मग एका सकाळी डोळे नीट उघडले. मला ओळखलं, नावाने हाक मारली. मामीला पाणी मागितलं. नंतर प्राजक्ताकडे वळून किती तरी वेळ बघत राहिले... बघत होते, हे मी शपथेवर सांगतो. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. ती पुढे वाकली. वाकड्या तोंडातून कसाबसा एक शब्द आला, "कोण?"

आजार होता की तेच जुनं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यानंतर मामा बोलले नाहीत, आणि त्याच संध्याकाळी गेले.

काल जिदहफ्सला गेलो होतो. मामी आणि प्राजक्ता सोफ्यावर चहा पीत होत्या. शाळा सुटून मामा घरी यायचे त्या सुमारास शेजारच्या फ्लॅटच्या कुलपात किल्ली फिरली, तशी मामी कप ठेवून चटकन उठली आणि पदर सावरून भिंतीलगत उभी राहिली.

"आई, बस नं," प्राजक्ता म्हणाली.

"बसते," मामी म्हणाली, आणि दाराकडे बघत उभीच राहिली.