एका हाताचा चाकू

आबांचा चाकू मायनं कपाटात घालून कुलूप लावलं, आणि आबा त्यावर एका शब्दानंही बोलले नाहीत. माय म्हणाली, बरं झालं, शहाण्यासारखं ऐकलं. मला मात्र ते ऐकणंच खटकलं.

आबा म्हणजे माझे वडील. अर्धापूरच्या पुढे आमची केळीची बाग आहे. आबांनी जन्मभर केळी केली आणि जन्मभर वाद घातला. पाण्याच्या पाळीवरून घातला, खतावरून घातला, आणि कोणी सापडलं नाही की माझ्याशी घातला. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, तो ख्यालीखुशाली विचारायला नव्हे. ‘तुमच्या पुस्तकात केळीला झाड म्हनत न्हाईत म्हनं. मग मी काय इतकी वर्षं गवत कापून राहिलो का?’ अशी सुरुवात व्हायची. मी पण त्यांचीच लेक. अर्धा तास आमचं जुंपायचं आणि माझा नवरा पलीकडे मुकाट्यानं स्वतःचा चहा करून घ्यायचा.

मागच्या उन्हाळ्यात आबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं थोडा चालू लागला, हात मात्र लोंबकळतच राहिला. बोलणं जड झालं, पण कळत होतं. पुढे कळण्यासारखं ते काही बोलेचनात. जेवता का? हाव. पंखा लावू का? हाव. रविवारचा फोन मी करायला लागले. दोन वेळा ‘हाव’ झालं की माय फोन हातात घ्यायची आणि औषधांचं सांगायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं, मन खचतं, वेळ द्या. आम्ही वेळ देत राहिलो.

तो चाकू शिंगाच्या मुठीचा होता, मिटवून खिशात टाकायचा. नेहरू शर्टाच्या उजव्या खिशात तो मला कळायला लागल्यापासून असायचा. केळीच्या चिकानं पातं काळं पडलेलं, आणि धार लावून लावून निम्मं झिजलेलं. त्यानं ते सुतळी कापायचे, ठिबकची नळी कापायचे, माझ्या पेन्सिलींना टोक करायचे. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. घड उतरवायच्या आधी आबा फणीतलं एक कच्चं केळ तोडायचे, आडवं कापायचे, आतला गर उजेडात धरून बघायचे, अंगठ्यानं दाबायचे आणि सांगायचे, ‘आठ दिवस थांबा,’ किंवा ‘उद्याच उतरवा.’ ते सहसा चुकत नसत. शेजारपाजारचे शेतकरी त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे.

चाकूच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. मीठ, मिरची आणि चाकू कोणाच्या हातात द्यायचा नाही, भांडण लागतं. मी चाकू मागितला की ते भुईवर ठेवायचे आणि मी उचलायची. परत देतानाही तसंच. एवढी काळजी घेऊन आमचं भांडण व्हायचं ते व्हायचंच. मी एकदा तसं म्हणाले तर आबा म्हणाले, ‘हातात दिला असता तर किती झालं असतं, इचार कर.’

लकव्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी तो चाकू दातानं उघडायचा प्रयत्न केला. पात्याच्या खाचेत नख घालून ओढायला दुसरा हात लागतो, तो नव्हता. पातं सटकलं आणि ओठ कापला. दोन टाके पडले. त्या दिवशी चाकू कपाटात गेला.

दिवाळीला मी गेले तेव्हा एक गोष्ट बघितली. धाकटा भाऊ बागेतून एक फणी घेऊन आला. आता बाग तोच बघतो, कष्टाळू आहे, पण व्यापाऱ्याचा ट्रक दारात येतोय म्हटलं की त्याला दम निघत नाही. त्यानं फणी आबांच्या पुढ्यात धरली आणि विचारलं, ‘आबा, उद्या उतरवू का?’ आबांनी फणीकडे बघितलं. उजवा हात शर्टाच्या खिशात गेला, तिथे काही क्षण राहिला आणि रिकामाच बाहेर आला. मग ते म्हणाले, ‘हाव.’

भाऊ खुशीत निघून गेला. मी तिथेच बसून राहिले. रडायला मला आवडत नाही. लातूरला परत येताना एसटीत मी ठरवलं की आबांना एका हातानं उघडणारा चाकू आणायचा.

ठरवणं सोपं होतं. मला पात्यांची थोडी जाण आहे. जास्वंदीच्या देठाचे पातळ काप काढायला मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवते, धार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मोबाइलवर बघायला लागले तर निराळीच दुनिया निघाली. लष्करी रंगाच्या विजारी घातलेले गडी जंगलात उभे राहून चाकू दाखवत होते, आणि त्यातल्या एकालाही केळ कापायचं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मी ते बघत होते तर गणिताचे सर म्हणाले, ‘मॅडम, कोणाचा काटा काढायचा विचार हाय?’ मी म्हणाले, ‘अजून ठरलं नाही, तुम्ही नीट वागा.’

पहिला चाकू मी तसाच मागवला आणि फसले. काळाकुळकुळीत, जड, पाठीला करवत, शेपटीला बाटली उघडायचा आकडा. एका हातानं उघडायला गेले तर माझाच अंगठा दुखून आला. आता नवरा त्या चाकूनं पार्सलं उघडतो आणि स्वतःला मोठा शिकारी समजतो.

मायला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. ‘आण, पर धार नसलेला आण. नुसता खिशात असू दे, जिवाला बरं वाटंल.’ भाऊही तेच म्हणाला. खेळण्यातला चाकू देऊन माणसाला गप्प बसवायचं, हे मला पटलं नाही. मी तसं बोलले, आणि वर थोडं जास्तच बोलले.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी लातूरहून निघाले, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरले आणि जुन्या गावातल्या एका गल्लीत गेले. तिथे एक चाचा बसतात. आजोबांपासून त्यांच्या घरात धार लावायचं काम आहे. कात्र्या, विळ्या, अडकित्ते, सगळं त्यांच्याकडे येतं, आणि काचेच्या पेटीत विकायचे चाकूही असतात. मी म्हणाले, एका हातानं उघडेल असा दाखवा.

‘बटण दाबून उघडणारा, खटक्याचा मी ठेवत नाय,’ ते म्हणाले. ‘पोलीस मागं लागतात.’

‘खटक्याचा नको. अंगठ्यानं उघडणारा पाहिजे.’

त्यांनी सहा काढून कापडावर मांडले. मी डावा हात ओढणीत गुंडाळून कमरेशी खोचला आणि एकेक उजव्या हातात घेऊन बघायला लागले. शेजारच्या दुकानातले दोघं हसायला लागले. चाचा हसले नाहीत. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, ‘डाव्या हाताला काय झालं, बाई?’

‘मला नाही. वडलांना. लकवा.’

‘काय कापणार?’

‘केळी. कच्ची.’

त्यांनी मान हलवली आणि सहापैकी तीन लगेच पेटीत परत टाकले. मुठी गुळगुळीत आहेत, केळीच्या चिकात हातातून निसटतील, म्हणाले. उरलेल्या तीनमधला एक मला आवडला होता. पात्याला अंगठ्यापुरती बारकी खुंटी होती, ती ढकलली की पातं लोण्यासारखं उघडायचं. मी म्हणाले, हाच द्या.

‘आता मिटवा,’ चाचा म्हणाले. ‘एका हातानं.’

मी मिटवायला गेले. पातं अडवून धरणारी आतली पट्टी अंगठ्यानं बाजूला दाबायची आणि त्याच वेळी पातं खाली आणायचं, म्हणजे पातं येणार सरळ अंगठ्यावर. मी थांबले.

‘उघडायचं सगळे बघतात,’ ते म्हणाले. ‘मिटवायचं कोन बघतं? माझ्याकडं कापलेली बोटं येतात ना, ती सगळी मिटवतानाची.’

जीवशास्त्राच्या बाई म्हणून मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी दुसरा दिला. दिसायला साधा, लाकडी मूठ, तिच्यावर आडव्या खाचा. पातं सोडवायची कळ मुठीच्या पाठीला होती. ती दाबून पात्याची पाठ मांडीवर टेकवायची आणि मूठ खाली न्यायची, की पातं आपोआप आत. बोट वाटेत येतच नाही. मी तिथल्याच स्टुलावर बसून वीस वेळा उघडला, वीस वेळा मिटवला. खुंटी जरा घट्ट होती. चाचांनी बिजागरीचा स्क्रू किंचित सैल केला, तेलाचा थेंब सोडला, आणि मला पुन्हा वीस वेळा करायला लावलं.

‘घरचे म्हणतात, धार घालवून आण,’ मी सांगितलं.

‘बोथट केला तर ते जोर लावतील. जोर लावला की चाकू घसरतो. मग हात कापून घेतील आन् तुमचे घरचे म्हनतील, बघा, सांगितलं होतं.’ मग त्यांनी यंत्र सुरू केलं, धार लावली आणि कागदाचा तुकडा सहज चिरून दाखवला.

दुपारी घरी पोचले. आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. भाऊही तिथेच होता, नुकत्याच आणलेल्या फणीचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येणार होता. त्यानं आबांना विचारलं होतं आणि आबा ‘हाव’ म्हणाले होते.

मी पिशवीतून चाकू काढला आणि सवयीनं आबांच्या पायाशी भुईवर ठेवला. ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. आबा चाकूकडे बघत होते. ते पुढे झुकले, डावी बाजू कलंडायला लागली, आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पुन्हा झुकले नाहीत. नुसते बघत राहिले. माय चाकू उचलायला पुढे आली, आणि तिनं उचलला असता तर तो कपाटातच गेला असता. मी तिच्या आधी उचलला आणि आबांचा उजवा तळवा उघडून त्यावर ठेवला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अंगठा खुंटीवर गेला आणि घसरला. दुसऱ्यांदा पातं अर्धं आलं. तिसऱ्यांदा उघडलं. माय भिंतीला टेकून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले होते. मी मिटवायचं दाखवलं, मांडीवर कसं टेकवायचं ते. त्यांनी दोनदा केलं आणि मला हातानंच बाजूला सारलं. मग फणीकडे बोट केलं.

मी एक केळ तोडून खुर्चीच्या रुंद लाकडी हातावर ठेवलं. त्यांनी ते आडवं कापलं. तुकडा उचलून उजेडात धरला, अंगठ्यानं दाबला. बराच वेळ लावला. भाऊ मोबाइलमध्ये होता.

‘उद्या न्हाई,’ आबा म्हणाले.

भावानं मान वर केली. ‘काय?’

‘गर भरला न्हाई. कडा अजून गोल झाल्या न्हाईत. तुला दिसत न्हाई का? आठ दिवस थांब.’

‘आबा, ट्रक सांगितलाय मी. तुम्हीच हाव म्हनलात.’

‘तवा मी कापून बघितलं न्हवतं.’

आणि मग सुरू झालं. भाऊ म्हणाला, आता सगळं ठरलंय. आबा म्हणाले, कोनाला इचारून ठरलं. भाऊ म्हणाला, तुम्हाला. आबा म्हणाले, खुर्चीत बसलेल्या मानसाला इचारायची ही रीत झाली का, फणी आनून नाकासमोर धरायची. शब्द जड होते, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, माय पदरानं पुसायला गेली तर तिच्यावरही डाफरले. मागच्या उन्हाळ्यापासून साठलेलं सगळं निघत होतं. दिवाळीचा मालही कच्चाच गेला, हेही निघालं. मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते. मला लई बरं वाटत होतं, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

भाऊ तणतणत अंगणात उतरला आणि तिथून माझ्यावर घसरला. ‘अक्का, रीत माहीत न्हाई का तुला? चाकू हातात देतेत का? लागलं बघ भांडण.’

‘आधी खालीच ठेवला होता,’ मी म्हणाले. ‘त्यांना वाकता येत नाही.’

त्यानं आबांकडे एकदा बघितलं आणि मोबाइल काढून व्यापाऱ्याला फोन लावला. ‘उद्या नको,’ तो म्हणाला. ‘आठ दिवसांनी या. न्हाई, न्हाई, मी तयार होतो. आबा नको म्हनतेत.’

खुर्चीतून आबांचा आवाज आला. पातं आखूड आणलंय, असं ते मला सांगत होते.