पटलावर ठेवलेलं नाव

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, चष्म्याच्या दुकानात बसून समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होतो. फोन नानांच्या मुलाचा, सुहासचा होता. "काका, नाना गेले. सकाळी, चहा पिऊन झाल्यावर." मी "बरं" म्हणालो. फोन खिशात ठेवला आणि दुकानदाराला सांगितलं, पुढची ओळ दाखवा. सगळ्यात खालची, बारीक ओळसुद्धा मी न अडखळता वाचली... मग बाहेर येऊन पलूसकडे जाणारी बस धरली. कराड येईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, चष्म्याची पावती दुकानातच राहिली. याला आता दीड महिना होऊन गेला. मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. मी आता वाट बघणंही सोडलं आहे.

गणपत नाना पलूस तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि मी त्याच शाळेत कारकून होतो. शाळेतल्या कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे मी नानांसाठी कायमचा भाऊसाहेब झालो. निवृत्ती जवळ आली असताना शिक्षकांनी त्यांना आग्रह करून विधान परिषदेच्या निवडणुकीत शिक्षक मतदारसंघातून उभं केलं. निवडून येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यांना तर मुळीच नाही. निकालाच्या दिवशी ते प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होते. आमदार झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर मला शाळेतून उचलून स्वीय सहायक केलं. "तुमाला कागद कळतो, मला बोलायला येतं. दोगं मिळून एक आमदार हुईल," असं म्हणाले. सहा वर्षं तसंच चाललं.

वरच्या सभागृहातली भाषणं कोण ऐकतं, असं लोक विचारायचे. खरं आहे, वर्तमानपत्रात फारसं काही यायचं नाही. पण नाना प्रत्येक भाषणाची तालीम करत. आमदार निवासातल्या खोलीत एक लाकडी खुर्ची होती. ती समोर ओढायची, तिच्या मागे उभं राहायचं, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकायचे आणि मला पलंगावर बसवून म्हणायचं, "तुमी सभापती." मी मान डोलावून "बोला" म्हटल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. एकदा मी केळं खात होतो, तर ते खाऊन होईपर्यंत थांबले. सभागृहात बाकाच्या कडेलाही ते असंच धरून उभे राहत. शिकवताना टेबलाला धरून उभं राहायची जुनी सवय ती.

त्यांच्या बोलण्यात आकडे कमी आणि माणसं जास्त असायची. गळक्या वर्गांवर चर्चा असली, की ते शिराळ्याकडच्या एका शाळेतल्या शिपायाचं नाव पूर्ण घेत, बापाच्या नावासकट, आणि पाऊस आला की तो कुठल्या वर्गात बादली ठेवतो ते सांगत. एकदा मंत्र्यांनी उत्तरात म्हटलं, माहिती घेण्यात येईल. नाना उठले. "सभापती महोदय, कुणाकडनं? त्या शिपायाकडनं घ्या, त्याला सगळी हाय." सभागृह हसलं. नाना हसू संपेपर्यंत उभे राहिले आणि मग त्या शिपायाचं नाव पुन्हा एकदा घेतलं. अधिवेशन संपलं की छापील कार्यवाहीतल्या त्या पानाची झेरॉक्स काढून ते स्वतः त्या माणसाला नेऊन द्यायचे. शिपायाने ती देवाच्या फोटोशेजारी लावली होती. मी एकदा विचारलं, नाव घेऊन काम होतं का? म्हणाले, "काम हुईल न्हाईतर न्हाई हुनार. पर नाव तर कुनी पुसत न्हाई न्हवं तिथनं."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. उगाच लांबवत होतो.

आटपाडीच्या पुढे, माळावरच्या वस्तीत हौसाबाई राहतात. मेंढरं घेऊन फिरणारं घर. त्यांच्या मेंढरांची जुनी वाट जिथून जायची तो राज्यमार्ग रुंद झाला, मधे दुभाजक आला, आणि कळप पलीकडे नेताना ट्रकखाली त्यांचे मालक, सिदू, गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या... एक मेंढपाळ व चौदा मेंढ्या ठार. हौसाबाई तो कागद घेऊन पलूसला आल्या. नुकसानीचं एका शब्दाने बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, रस्त्याच्या खालनं मेंढरांना वाट द्या म्हनावं. आन त्यांचं नाव तेवडं एकदा घ्या तिथं. पेपरात बी न्हाई आलं." नानांनी शब्द दिला.

त्यासाठी दिलेली लक्षवेधी सूचना मान्य झाली, ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. नानांनी चार दिवस तालीम केली. नाव ऐकायला हौसाबाई स्वतः येणार होत्या, गॅलरीचा पास मी काढून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी नाना त्यांना आणायला स्टेशनवर गेले आणि इकडे खोलीवर सचिवालयातून फोन आला. यादी लांब आहे, तुमची सूचना वेळेत येणार नाही. पटलावर ठेवू का? म्हणजे भाषण होत नाही, पण सूचना सभागृहापुढे आली असं धरतात आणि मंत्र्यांचं लेखी उत्तर मिळतं. नाहीतर ती तशीच बुडेल. मी क्षणभर विचार केला. क्षणभरच. कारकून माणूस मी. लेखी उत्तर मिळणार, फाइलला लागणार, पुढे पाठपुरावा करता येणार. मी म्हणालो, सदस्यांची संमती आहे असं समजा.

नानांना सांगायचं राहिलं, असं मी नंतर कित्येकांना सांगितलं. राहिलं नव्हतं. ते हौसाबाईंना घेऊन आले, त्यांना शाल पांघरली, चहा दिला, आणि त्या गडबडीत मला ते सांगायचा धीर झाला नाही. मी गॅलरीत हौसाबाईंशेजारी बसलो. खाली पीठासनावरून वाचलं गेलं, लक्षवेधी सूचना क्रमांक सात ते चौदा पटलावर ठेवण्यात आल्या. आमची नववी होती. नाना कागद घेऊन उभे राहिले होते. "सन्माननीय सदस्यांच्या संमतीने ठेवली आहे," असं पीठासनावरून सांगितलं गेलं. नानांनी वर गॅलरीकडे पाहिलं... माझ्याकडे. मग बाकावरचा हात काढून घेतला आणि बसले. हौसाबाईंनी मला विचारलं, "झालं का वं?" मी म्हणालो, झालं.

नाना यावर मला एका अक्षराने बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरच्या वर्षांत नाही, कधीच नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. लेखी उत्तर आलं, प्रकरण तपासून पाहण्यात येत आहे. ते मी फाइलला लावलं. रस्त्याखालून वाट आजही झालेली नाही.

नाना गेल्यावर दहाएक दिवसांनी मला सचिवालयातून फोन आला. माजी सदस्यांसाठी शोकप्रस्ताव असतो, त्यासाठी माहिती हवी होती. मी दीड पान लिहिलं. जन्म, शिक्षण, कार्यकाळ. आणि मधोमध एक वाक्य घातलं, की अमुक गावचे मेंढपाळ सिदू यांच्या अपघाती मृत्यूनंतर मेंढरांच्या वाटेसाठी त्यांनी प्रयत्न केले. बापाच्या नावासकट, पूर्ण नाव. एवढं वाक्य वाचलं गेलं असतं तर माझं ओझं उतरलं असतं, हे सरळ कबूल करतो. नानांसाठी नव्हे, माझ्यासाठी लिहिलं होतं ते.

प्रस्ताव आला त्या दिवशी मी पलूसला नानांच्या घरी सुहासच्या मोबाइलवर बघत होतो. एकूण पाच माजी सदस्य गेले होते. नानांचा नंबर चौथा. जन्म वाचला, शिक्षण वाचलं, शिक्षणक्षेत्राची हानी झाली असं वाचलं. सगळे स्तब्ध उभे राहिले, पुन्हा बसले. माझं वाक्य आलं नाही. सुहास म्हणाला, "छान बोलले." मी "हो" म्हणालो. आत काहीच हललं नाही. नानांच्या कपाटातून मेंढरांच्या वाटेच्या त्या न झालेल्या भाषणाची हस्तलिखित पानं तेवढी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आटपाडीची बस धरली.

हौसाबाई आता थकल्या आहेत. दारातल्या बाभळीखाली बसल्या होत्या. नाना गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी सुनेला सांगून माझ्यासाठी घरातली पत्र्याची खुर्ची आणवली. मी बसलो नाही. म्हणालो, "मावशी, त्या दिवशी भाषण झालंच नाही. सिदूंचं नाव कुणी घेतलंच नाही. मीच फोनवर हो म्हटलं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्याच पुढे बोलल्या, "नागपूरवरनं आल्यावर आठ दिसांत गुरुजी आलं हुतं की इथं. एकलंच. ह्याच खुर्चीमागं हुबं ऱ्हायलं. मला म्हनलं, तुमी सभापती. म्या म्हनलं, आवं, मला काय येतंय त्यातलं? म्हनलं, तुमी निस्तं 'बोला' म्हना. मग समदं बोललं. समदी वस्ती गोळा झाली हुती. ह्यांचं नाव तीनदा घेतलं."

"मला काहीच बोलले नाहीत," मी म्हणालो.

"तुमचं बी बोललं की. म्या इचारलं, त्यो तुमचा मानूस तर 'झालं' म्हनला, मग? तर म्हनलं, आमचं भाऊसायब कागदाचं मानूस हायती. कागद झाला की त्येंला बोलल्यागत वाटतं. त्येंला काय इचारू नगा, जीवाला लावून घेतील."

मी उभाच होतो. पिशवीतली पानं काढली. नानांचं अक्षर मोठं, वर्गातल्या फळ्यावर असायचं तसं. नवा चष्मा अजून आणलेला नव्हता, तरी सगळं दिसत होतं. खुर्चीच्या पाठीचा रंग दोन जागी, हात टेकतात तिथे, उडालेला होता. आता तो नानांच्या एका दिवसाच्या हातांनी उडाला असं मी म्हणणार नाही, खुर्ची जुनीच आहे. पण माझे हात तिथेच गेले.

"सभापती महोदय," मी म्हणालो, आणि थांबलो.

हौसाबाईंनी पदर सावरला आणि नीट बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.