साक्षगंधातली अट

माझी मावसबहीण मनीषनगरात शिवणकाम करते. मी तिला ताई म्हणते आणि थोडी घाबरतेही, कारण ती बोलते कमी आणि ठरवते पक्कं. गेल्या मे महिन्यात तिच्या एकुलत्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, होतं. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, माणसं आमच्याच बौद्ध समाजातली, पोरगी खुशीत. नावं ठेवायला जागा नव्हती. मुलाची आई तेवढी मनगटापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालून आली होती. नागपूरच्या उन्हात हा कसला नखरा, असं मी मनात म्हटलंच. माझी जीभ मनातसुद्धा तिखट आहे.

मेणबत्त्या लागल्या. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. आता अंगठ्या निघणार, तोच ताई उभी राहिली.

"व्यभिचार करणार नाही, हे तिसरं शील आता आपण सगळ्यांनी म्हटलं. माह्या लग्नात माह्या नवऱ्यानंबी म्हटलं होतं. म्हणून माही एक अट हाय. दोघाईची एचआयव्हीची तपासणी करू, पोराची अन् माह्या पोरीचीबी. मंग अंगठी."

पोह्यांचं ताट माझ्या हातात होतं, ते मी खाली ठेवलं. मुलाचे काका भडकले. "आमच्या पोरात काय खोट दिसली तुमाले?"

"खोट नाही काढून राहिली, भाऊ. मले हा रोग नवऱ्यानं देल्ला. निरोध वापर म्हटलं का मारे. जवळ येऊ नको म्हटलं तरी मारे. माह्या पोरीले कोणाले भेत-भेत इचारा लागू नये, म्हणून मी आज चारचौघांत इचारून राहिली."

हे आजवर फक्त मला माहीत होतं. नवरा गेल्यावर ती रोज न चुकता गोळ्या घेत धडधाकट उभी राहिली, पण बाहेर कधी ब्र काढला नव्हता. मला तिचा भयंकर राग आला. सोन्यासारखी सोयरीक, आणि ही आपल्याच हातानं मोडायला निघाली! आणि खोटं कशाला सांगू, तिच्या ताठ मानेकडे बघून मला तिचा अभिमानही वाटला. असं धाडस मला सात जन्मांत जमलं नसतं.

काका चपला शोधायला लागले. तेव्हा मुलगाच म्हणाला, "काका, बसा ना गा. मी करतो तपासणी. त्यात काय हाय?"

काका बसले, तोंड मात्र वाकडंच ठेवून. पोरीनं मघापासून धरून ठेवलेला माझा पदर सोडला.

ताई आणि मी स्वयंपाकघरात ग्लास विसळत होतो, तिथं मुलाची आई मदतीला आली. भिजू नयेत म्हणून तिनं बाह्या वर सरकवल्या. दोन्ही हातांवर काळेनिळे वळ होते.

"पोराची करूच," ती ताईला हळूच म्हणाली. "पण बाई, माहीबी होते काय तिथं?"

ताईनं नळ बंद केला. "होते. उद्या सकाळी जाऊ. मी संग येतो."

"अन् घरी नवऱ्याले काय सांगू?"

"सांगजो वं, विहिणीसंग लग्नाच्या साड्या पाहाले जाऊन राहिली."