मैत्रेयीने बंद केलेली सूचना

मैत्रेयी पाटणकर चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची अकोल्याची. मोहालीतल्या एका छोट्या कंपनीत दूध तपासण्याच्या यंत्रांचे सॉफ्टवेअर लिहिते. तिला तिथे पाच महिने झाले असताना तिचे वडील गेले. दिवसकार्य आटोपून ती परत आली, दारात चपला काढल्या आणि एवढेच विचारले, "काकू, गीझर चालू आहे ना?" रडली असती तर काय करायचे ते मला कळले असते.

त्याच आठवड्यात शुक्रवारी तिचे दूध तपासण्याचे यंत्र एका डेअरीत दाखवायचे होते. नोकरी कायम होणार की नाही, तेही त्याच दिवशी ठरणार होते.

मंगळवारी तिने यंत्र घरी आणले. "वाटीभर म्हशीचं दूध द्याल? न तापवलेलं." फॅट आले शून्य. पुन्हा नळी बुडवली, तर चारशे बारा.

"ही म्हैस लोण्याचीच दिसते," मी म्हणाले. ती हसली नाही.

फॅटचा आकडा काढणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा तयार तुकडा, बाहेरच्या कंपनीकडून आलेली, जुन्या पद्धतीची. बाकी सगळे हिने लॅपटॉपवर यंत्राच्या चिपसाठी नव्या पद्धतीने बांधलेले. दशांश चिन्हाचे आकडे नवी पद्धत चिपमध्ये एका जागी ठेवते आणि जुनी ते दुसरीकडे शोधते.

"म्हणजे मी पिशवी पुढच्या दारात ठेवली आणि तो मागचं दार उघडून जे पडलं असेल ते उचलतो."

"कॉम्प्युटरला हे कळत नाही?"

"कळतं. जोडतानाच सांगितलं होतं, हे दोन जुळत नाहीत म्हणून. तेव्हाच दादाचा फोन आला, बाबा गेल्याचा. मला गाडी पकडायची होती. ती सूचना बंद करायचा पर्याय असतो. तो टाकला आणि जोडून मोकळी झाले." बसचे वेळापत्रक वाचावे तसे तिने सांगितले. "साहेब म्हणतात, दोष बाहेरच्यांचा. मीही हो म्हटलं तर पक्की होईन."

लायब्ररीचा मूळ कोड मिळणार नव्हता, म्हणून तिने स्वतःचे काम आणि बाकीच्या नऊ लायब्रऱ्या जुन्या पद्धतीने आकडे देतील अशा पुन्हा बांधल्या. दोन दिवस गेले. गुरुवारी एकाच वाटीतले ताजे दूध तीनदा तपासले, तिन्ही वेळा सहा पूर्णांक सात. मी टाळ्या वाजवल्या. ती नळी पुसत होती.

शुक्रवारी डेअरीत सगळे नीट झाले. परतताना गाडीत तिने तिच्या साहेबांना, नरेशसाहेबांना, सूचना आपणच बंद केल्याचे सांगितले. ते म्हणाले, "यार मैत्रेयी, तुमसे पूछा किसने था?" संध्याकाळी कळवले, आणखी तीन महिने बघू.

"कशाला सांगितलंस?" मी जेवताना विचारले.

"तो पर्याय फाईलमध्ये तसाच राहिला असता. पुढच्या माणसालाही ती सूचना दिसली नसती."

"वाईट वाटतंय का?"

"माहीत नाही, काकू. कायम झाले की बाबांना फोन करायचा होता. आता तीन महिन्यांनी काय, कधीही चालेल."

मी तिला पोळी वाढली. तिने अर्धी खाल्ली आणि ताट उचलून धुवायला गेली.