कठड्याची भिंत झाली

संध्याकाळी भाजी घेऊन येताना सोसायटीच्या उंच भिंतीपाशी पाय जड होतात. पूर्वी इथे बसण्यापुरता कठडा होता, वर करंजाची सावली. आम्ही बायका तिथे मेथी निवडायचो आणि अनोळखी माणूस दिसला की विचारायचो, "कुणाकडे आलात?" एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, आवारातली एक सायकल चोरीला गेली. लगेच सभा भरली. झाड तोडलं, भिंत चढवली, भरदिवसाही जळणारे दिवे लावले.

सावलीला वीज लागत नव्हती, आमच्या गप्पांना पगार लागत नव्हता.

"आता भिंतीपलीकडे कोण उभं आहे, काय कळणार?" शेजारच्या कुसुमताई थकून म्हणाल्या आणि घरात गेल्या.

हल्ली मेथी आम्ही आपापल्या घरात निवडतो, दाराला आतून कडी लावून.