नखं वाढतात

ताई माझ्या पायाची नखं कापत होती आणि मी उशीला टेकून बघत होते. पाच महिन्यांपूर्वी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता पाठीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत कमरेखालचं काहीच कळेनासं झालं. मज्जारज्जूला सूज आली आहे, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून पाय नुसते माझ्यासोबत असतात. नखं मात्र चांगली वाढली होती. मला नवल वाटलं. रोज सकाळी कितीही विनवलं तरी अंगठा हलत नाही आणि नखं कुणी न सांगता वाढतात. मग हे पाय ऐकतात तरी कुणाचं?

“अगं बाई!” ताई एकदम ओरडली. नेलकटर खोल गेलं होतं. करंगळीवर रक्त आलं. मी वाकून त्याला बोट लावलं. कोमट होतं.

“ताई, दुखत नाहीये गं मला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि पाय मांडीवर घेऊन करंगळीवर हळूहळू फुंकर घालत राहिली. मला ती फुंकर कळत नव्हती. तरी ‘पुरे’ म्हणावंसं वाटलं नाही.