वसंताच्या वतीनं दिलेलं उत्तर

फोन भर दुपारी आला. "जेब में आपका नंबर मिला. पाँव में चप्पल नहीं है, नीली कमीज़... आपके घर के हैं क्या?" पोलीस विचारत होता. मी म्हटलं, हव. माझा धाकटा भाऊ. मे महिन्याच्या उन्हात वसंता आमच्या बुढापारा मोहल्ल्यातून निघाला अन् शहराबाहेर चालत गेला. लू लागून पडला. त्याला जाऊन आता सव्वा महिना झाला.

मी चौथी शिकलेला. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात हातोडा मारला, मागून वसंतालाही तिथंच चिकटवलं. माणूस दोन प्रकारचा होता तो. जोर चढला की चार-चार दिवस झोपत नसे, घराचे सगळे दरवाजे एका सकाळी रंगवून टाके, गोल बाजारातून स्वयंपाकाचे एकाच्या जागी सहा गंज आणे. उतरला की महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राही.

"ऊठ बे! आळस भरला तुह्या अंगात."

"दादा, उठाचंच हाय मले. उठणंच होत नाही."

मला ते सोंग वाटे. त्याची पोरगी पिंकी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. इथं हिंदी मुलखात वाढलेली; मराठी समजते तिला, बोलते हिंदीत. "बड़े पापा, ये आलस नहीं है. दिमाग़ की बीमारी है, खानदान में चलती है." मी म्हटलं, "म्हंजे माणूस काहीच नाही करत? सगळं मेंदूच करून राह्यला? मंग पेन्शन मले काहून देतात, मेंदूले द्या म्हणा!" वसंता पडल्या-पडल्या हसला होता...

पिंकीच्याच हट्टानं समता कॉलनीतल्या डॉक्टरकडे नेलं. वसंता तेव्हा उतरलेला. डॉक्टरनं विचारलं, कधी उलटं होते का, झोपेशिवाय जोर चढते का? घरात आणखी कोणाला असं होतं? पिंकीचं लग्न जुळत आलं होतं, नागपूरचं स्थळ. मोठा भाऊ बसला असताना धाकट्यानं बोलायची आमच्यात रीत नाही. मीच बोललो, "नाही. आमचं खानदान साफ हाय."

जिन्यात वसंता थांबला. "दादा... बाबाचं सांगाले पाह्यजे होतं."

"चूप."

आमचे वडील असेच चढत, असेच उतरत. एका दुपारी चालत निघाले ते आलेच नाहीत. गावाला आम्ही सांगितलं, साधू झाले.

डॉक्टरनं पडून राहण्यावरच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत वसंता उठून गाऊ लागला. मी मोहल्लाभर सांगत फिरलो, पाहा, उठला माझा भाऊ! मग त्याची झोप गेली. मग तो चालू लागला. खरं सांगितलं असतं तर औषध दुसरं मिळालं असतं का, हे मी पिंकीला विचारलं. "शायद," म्हणाली. पोरीचं मन मोठं.

तेरवीनंतर नागपूरचे लोक भेटायला आले. मुलाच्या बापानं विचारलं, उन्हात कुठं निघाले होते? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सगळं सांगून टाकलं, वसंताचं, बाबांचंही. ते चहा अर्धा टाकून उठले. अजून निरोप नाही. पिंकीनं कप उचलले. "सच बोला आपने. पर इस बार भी मुझसे पूछा नहीं."

वसंताच्या खाटेजवळ भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. पिंकी तिथंच टेकून अभ्यास करते. परवा पाहिलं तर पुस्तक बंद, अन् तोंड भिंतीकडे. मी दारातूनच म्हटलं, "पिंकी, डॉक्टरकडे जाशीन का? तूच बोलजो. मी बाहेर बसतो."